घरच्या घरी उडुपी डोसा : टेबलटॉप वेट ग्राइंडरचे सात महिने

मागील रविवारी उडीद डाळ अर्धवट वाटून झालेली असताना ग्राइंडरची मोटर गुणगुणत राहिली आणि भांडे मात्र जागच्या जागी थांबले. मोटरवरून भांडे फिरवणारा पट्टा तुटला होता. पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. आम्ही भिजवलेले डाळ-तांदूळ दगडांनी वाटणारा दोन लिटरचा हा ग्राइंडर ५,८०० रुपयांना घेतला तो केवळ एका कारणासाठी : माटुंग्याला जाऊन चौघांनी मसाला डोसा आणि कॉफी घेतली की सातशे रुपये होतात, आणि महिन्यातून तीनदा जाण्याची आमची सवय परवडेनाशी झाली होती.

वाटणाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मिक्सरची पाती वेगाने फिरतात आणि पीठ कोमट होते. दगड सावकाश फिरतात, त्यामुळे उडीद गार राहतो, हवा धरतो आणि अर्ध्या तासात कापसासारखा फुगतो. थेंब पाण्यात टाकला की तो तरंगतो. चार वाट्या इडली तांदळाला एक वाटी गोटा उडीद, चमचाभर मेथी, मूठभर पोहे आणि रंगासाठी दोन चमचे चणाडाळ, हे प्रमाण आमच्या घरी आता पक्के झाले आहे.

तरीही पहिले दोन महिने डोसा उपाहारगृहासारखा झाला नाही, आणि त्याचा दोष मी यंत्राला देत होतो. तो माझा अन्याय होता. दोष पातळ नॉनस्टिक तव्याचा होता, कारण उपाहारगृहातील जाड लोखंडी पत्रा पाणी शिंपडल्यावरही उष्णता धरून ठेवतो, तर आमचा तवा लगेच निवत असे. माळ्यावरचा आईचा बिडाचा तवा काढला, तेलात बुडवलेल्या अर्ध्या कांद्याने पुसला, आणि त्या दिवशी प्रथमच डोशाला सोनेरी, कुरकुरीत जाळी पडली.

एका घाण्यात अठरा डोसे होतात. तांदूळ, डाळ, बटाटे, नारळ, लोणी आणि गॅस धरून खर्च दोनशे रुपयांच्या आसपास येतो. वीज जेमतेम एक-दोन रुपयांची. म्हणजे दर खेपेला पाचशे रुपये वाचले, आणि चौथ्या महिन्यात यंत्राची किंमत वसूल झाली.

म्हणूनच त्या पट्ट्याचा राग येतो. मोटरला दोन वर्षांची हमी आहे, पण पट्टा 'झिजणारा भाग' म्हणून तिच्यातून वगळलेला आहे. सेवा केंद्राने सांगितले की यंत्र घेऊन या, तपासणीचे ३५० रुपये भरा, पट्टा तीन आठवड्यांनी येईल. वेट ग्राइंडर ही कोइमतूरची ओळख, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. दगडांची इतकी काळजी घेणाऱ्यांनी खोक्यात एक जादा पट्टा ठेवू नये, हे मला पटत नाही. गल्लीतील दुरुस्तीवाल्याने तसाच पट्टा १५० रुपयांत दहा मिनिटांत बसवून दिला.

मात्र त्यानेच एक गोष्ट दाखवून दिली. मी सगळी भिजवलेली डाळ आधी भांड्यात ओतून मग बटण दाबत असे, आणि पाणीही फार कमी घालत असे. त्यामुळे सुरुवातीलाच सगळा ताण पट्ट्यावर येतो. आता भांडे रिकामे फिरू देतो, मूठमूठ डाळ टाकतो आणि गार पाणी थोडे थोडे घालतो. हे माहितीपुस्तिकेत ठळक छापले असते, तर बहुधा पट्टा तुटलाच नसता.

त्या रात्री राहिलेली डाळ मिक्सरमध्ये वाटली. सकाळी डोसे झाले, पण ते चिवट होते. विकत घेणाऱ्यांना माझे इतकेच सांगणे आहे की पैसे देण्यापूर्वी दुकानदाराकडून पट्ट्याचा क्रमांक लिहून घ्यावा आणि त्याच वेळी दुसरा पट्टा मागावा. आमचा दुसरा पट्टा आता तव्याशेजारी ठेवलेला आहे.