अंतराळाचे टाइमलाइन पत्ते: घ्या, पण डार्क मॅटरच्या पत्त्यावरचं चित्र मनावर घेऊ नका

ऑनलाइन सव्वाचारशेला मिळाला हा बॉक्स, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे जरा शिव्या आहेत. खेळ सोपाय, पत्त्याच्या एका बाजूला घटना आणि मागे साल, साल न बघता पत्ता टेबलावरच्या रांगेत बरोबर जागी लावायचा, चुकला की बाद आणि नवीन उचला.

सुरुवातीला सगळेच हुशार असतात. स्पुटनिक १९५७, गागारिन १९६१, आर्मस्ट्राँग १९६९, राकेश शर्मा १९८४, हे घरात कोणालाही येतं. खरी मजा डार्क मॅटरचे, म्हणजे जे दिसत नाही पण ज्याची ओढ जाणवते त्या वस्तुमानाचे, पत्ते निघायला लागले की. वहिनीने खगोलशास्त्रज्ञ झ्विकीचा पत्ता बिनधास्त हबल दुर्बिणीच्या पुढे नेऊन ठेवला, उलटला तर १९३३! म्हणजे स्पुटनिकच्या २४ वर्षं आधी, माणसाने पृथ्वीबाहेर साधा डबासुद्धा पाठवला नव्हता तेव्हा या माणसाने मांडलं होतं की कोमा समूहातल्या दीर्घिका इतक्या जोरात पळतायत की दिसणाऱ्या वस्तुमानाच्या जिवावर तो समूह टिकणंच शक्य नाही. मग १९७० चा पत्ता, व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड. तोवर माणूस चंद्रावर जाऊन आला होता, आणि इकडे हे दोघं मोजत होते की देवयानी दीर्घिकेच्या कडेचा भाग आतल्यापेक्षा बराच हळू फिरायला हवा, तर तसं दिसतच नाहीये. रांगेत शेजारी शेजारी लागल्यावर हे जे डोक्यात बसतं ना ते पाठांतराने नाही बसत, पैसे तिथेच वसूल.

चंद्रा दुर्बिणीचा पत्तापण भारी, आपल्या चंद्रशेखरांच्या नावाची, १९९९ ला कोलंबिया शटलमधून गेली आणि त्या फ्लाइटची कमांडर आयलीन कॉलिन्स, शटलची पहिली महिला कमांडर. पुढे २००६ च्या बुलेट क्लस्टरच्या कामात हीच दुर्बीण, दीर्घिकांचे दोन समूह एकमेकांतून गेले, गरम वायू मध्ये रेंगाळला आणि बहुतेक वस्तुमान, म्हणजे डार्क मॅटर, मात्र पुढे निघून गेलेलं.

आता शिव्या. डार्क मॅटरच्या पत्त्यावर चक्क ब्लॅक होलचं चित्र छापलंय! अरे बाबांनो डार्क मॅटर काळं नसतं, ते प्रकाश सोडतही नाही आणि गिळतही नाही, सरळ आरपार जाऊ देतं, त्यापेक्षा नुसतं तारांगण छापलं असतं तरी चाललं असतं. दुसरं म्हणजे मागे फक्त साल, तारीख नाही. गागारिन १२ एप्रिल आणि अमेरिकेचा पहिला अंतराळवीर शेपर्ड ५ मे, दोन्ही १९६१, मग भांडा. युक्लिड दुर्बीण १ जुलै २०२३ ला गेली आणि चांद्रयान ३ उडालं १४ जुलैला, इथे पुतण्याने फोनवर शोधून काकाला हरवलं आणि अर्धा तास ऐकवलं. आणि थुंबाचा पत्ताच नाही, २१ नोव्हेंबर १९६३, आपल्या मातीतून गेलेलं पहिलं रॉकेट, भारतात विकताय ना?

पत्ते पातळ आहेत, चहाचा एक थेंब पडला की फुगतात. आठवीच्या खालची पोरं कंटाळतील, चारपाच मोठी माणसं असतील तर मस्त रंगतो. आम्ही तारखा बॉलपेनने लिहून घेतल्यात आणि थुंबाचा पत्ता व्हिजिटिंग कार्डच्या मागे बनवलाय. पाचपैकी साडेतीन.