चार स्पिंडलचं एसपीएम: एक अख्खा पावसाळा चालवल्यानंतर

गनमेटलच्या व्हॉल्व्ह बॉडीला फ्लँजवर चार भोकं पाडून एम-८चे आटे मारायचे, हे काम आमच्या मरोळच्या गाळ्यात वर्षानुवर्षं पिलर ड्रिलवर चालायचं. दिवाळीनंतर त्यासाठी खास एसपीएम, म्हणजे या एकाच कामापुरतं स्पेशल पर्पज मशीन, बनवून घेतलं. आता पावसाळाही काढलाय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात जास्त कौतुक फिक्श्चरचं, म्हणजे काम चालू असताना जॉब (इथे व्हॉल्व्ह बॉडी) धरून ठेवणाऱ्या पकडीचं. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या डिझायनरने नमुन्याला चांगले जॉब मागितलेच नाहीत. वाकडे, पार्टिंग लाइनला (साच्याच्या दोन भागांच्या जोडावर) मटेरियल राहिलेले, रिजेक्शनच्या क्रेटमधले द्या म्हणाला. कास्टिंगचा तळ सपाट कधीच नसतो. चार पॅडवर ठेवलं की एक पॅड अधांतरी राहतो आणि क्लॅम्प बसताना जॉब कलतो. म्हणून खाली तीन, बाजूला दोन, टोकाला एक, एवढेच टेकू. तिपाई कशी डुगडुगत नाही, तसं. क्लॅम्पही बरोबर पॅडच्या डोक्यावर दाबतो, मधल्या पोकळ भागावर नाही. शिवाय जॉब उलटा ठेवला तर बसतच नाही, त्यामुळे नवीन पोरगाही चुकत नाही.

टॅपिंगला, म्हणजे आटे मारायला, प्रत्येक स्पिंडलला (टॅप फिरवणाऱ्या दांड्याला) स्वतःचा लीड स्क्रू आहे, दर फेऱ्याला टॅप ठरावीक अंतर पुढे नेणारा. ६.८ मिमीच्या भोकात टॅप एका फेऱ्याला नेमका १.२५ मिमी पुढे सरकला पाहिजे, नाहीतर आटे खरवडतात. आम्ही सर्वोचा (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मोटरचा) हट्ट धरला होता. पण जॉब एकच, आटे एकच, मग सर्वोचा खर्च कशाला, असं डिझायनरनेच समजावलं. टॅप तुटणं आता क्वचित होतं.

आमचा गाळा दुसऱ्या मजल्यावर. ड्रॉईंगला हात लावायच्या आधी कंपनीचा माणूस गुड्स लिफ्टचा दरवाजा आणि क्षमता बघून गेला, आणि बेड दोन भागांत केला, डॉवेल पिनवर (जागा नेमकी धरणाऱ्या खुंट्यांवर) जुळणारा. बेड फॅब्रिकेटेड असेल तर वेल्डिंगनंतर भट्टीत स्ट्रेस रिलीव्ह करूनच मशिनिंग केलंय का, हे नक्की विचारा. नाहीतर वेल्डिंगचा ताण पुढे हळूहळू सुटत राहतो आणि अलाइनमेंट जाते. आमचं लेव्हल अजून हललेलं नाही.

दोन हातांची बटणंही नीट केलीत. दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच सायकल सुरू होते, त्यामुळे एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवायची सोय नाही. ऑपरेटर आधी कुरकुरले. बोटं वाचत असतील तर कुरकुर चालेल.

आता तक्रारी. गनमेटलचा चुरा बारीक, तो पॅडवर बसतो. एक कण राहिला तरी भोक तिरकं जातं. पॅडजवळ एअर ब्लो मुळातच हवा होता, तो आम्हाला नंतर बसवून घ्यावा लागला. जूनपासून हवेच्या लाइनमध्ये पाणी यायला लागलं, एफआरएलचा (हवा गाळून दाब नेमणाऱ्या युनिटचा) बाऊल सारखा भरायचा आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह (हवा सोडणारे विजेवरचे व्हॉल्व्ह) अडकायचे. मुंबईत मशीन देताना कोटेशनमध्ये एअर ड्रायर धरायलाच हवा. तो लावल्यापासून त्रास थांबला.

आणि पीएलसीचा (मशीनची सायकल चालवणाऱ्या कंट्रोलरचा) प्रोग्रॅम लॉक करून दिलाय, हे मला अजिबात पटलेलं नाही. क्लॅम्पचा टायमर थोडा वाढवायचा तरी त्यांच्या माणसाची वाट बघत मशीन उभं.

तरीही दुसरं मशीन त्यांच्याकडूनच घेतोय. फक्त या वेळी पीओमध्येच (पर्चेस ऑर्डरमध्येच) लिहिलंय: प्रोग्रॅमची कॉपी पासवर्डसकट, वायरिंग डायग्रॅम, फिक्श्चरची ड्रॉईंग, आणि डिस्पॅचआधी त्यांच्या शेडमध्ये आमच्याच कास्टिंगवर पूर्ण शिफ्टची ट्रायल.