लोणच्याचं परमिट: बालीला जाताना आम्ही कसे फसलो

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना 'अडाणी असतील बिचारे' असं कुणाला वाटायला नको.

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं बालीला गेलो. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. तिकिटं, हॉटेल सगळं घरबसल्या केलं, एजंटचे पैसे वाचवले, त्यामुळे मी जरा हवेतच होते. निघायच्या चार दिवस आधी रात्री साडेअकराला मोबाइलवर 'बाली व्हिसा कस्टम्स फॉर्म' शोधलं आणि सगळ्यात वरची लिंक उघडली. तिच्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित', म्हणजे जाहिरात, असं होतं, पण ते दिसलं दुसऱ्या दिवशी.

साइटचा थाट अगदी सरकारी. इंडोनेशियाचं गरुडाचं चिन्ह, त्यांच्या झेंड्याची लाल-पांढरी पट्टी, आणि वर एक घड्याळ उलटं पळत होतं: 'तुमचा अर्ज १४ मिनिटांत बाद होईल.' सरकारी कामाला एवढी घाई कधीपासून, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

माणशी व्हिसा ३,९०० रुपये, पर्यटक कर १,८००, 'कस्टम्स क्लिअरन्स' १,२००, 'हेल्थ डिक्लरेशन' ९००, त्यात म्हणे वैद्यकीय मदतीचं कव्हरही. चॅटवर एक 'ऑफिसर' बसलेला. त्याला मी विचारलं, सासूबाईंना कैरीचं लोणचं न्यायचंय, चालेल ना? लगेच उत्तर: "फूड परमिट लागेल मॅम, नाहीतर एअरपोर्टवर दंड." त्याचे आणखी ६००. एकूण ३१,८००. कार्डाचे आकडे टाकले, ओटीपी आलाच नाही, सरळ पैसे गेल्याचा मेसेज. परदेशी साइटवर आपल्या कार्डाला बहुतेकदा ओटीपी लागतच नाही. हे मीच मुलांना शिकवते.

आता खरे दर ऐका. भारतीयांना बालीत पोहोचल्यावर व्हिसा मिळतो, तोच आधी ऑनलाइनही काढता येतो. फी ५,००,००० रुपिया (हे इंडोनेशियाचं चलन), तेव्हाच्या भावाने साधारण २,७०० रुपये. बाली प्रांताचा परदेशी पर्यटकांवरचा कर १४ फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झाला. तो १,५०,००० रुपिया, म्हणजे आठशेच्या आसपास. आणि कस्टम्स नि आरोग्याची माहिती? ती 'ऑल इंडोनेशिया' नावाच्या एकाच फॉर्ममध्ये भरायची असते, पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. पूर्ण फुकट. त्या फुकट फॉर्मचे दोन तुकडे करून आम्हाला माणशी २,१०० ला विकले होते! इंडोनेशियाच्या सरकारी साइटचा पत्ता '.गो.आयडी'वर संपतो. आमचा संपत होता '.ओआरजी'वर.

हे सगळं कळलं बालीतल्या देनपसारच्या विमानतळावर. तिघांचे व्हिसा चालले, पण नवऱ्याच्या पासपोर्ट नंबरात एक आकडा चुकलेला. काउंटरवर पुन्हा ५,००,००० रुपिया मोजले. कराचा क्यूआर कोड स्कॅनच होईना, तोही चौघांचा परत भरला. 'कस्टम्स क्लिअरन्स'चे रंगीत कागद तिथल्या अधिकारी बाईने उलटसुलट पाहिले आणि काही न बोलता भिंतीवरच्या क्यूआरकडे बोट दाखवलं. सासूबाईंना खुर्चीत बसवून मी उभ्याउभ्या चार फॉर्म भरले. लोणच्याची बरणी फॉर्ममध्ये लिहिली होती. तिथल्या माणसाने ती पाहिली, हसला आणि 'जा' म्हणाला. परमिट कुणी मागितलंच नाही.  

मला पैशापेक्षा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. त्या साइटने लोणच्याची भीती घातली, पण ज्याला खरंच भ्यायला हवं त्याबद्दल एक अक्षर नाही. सासूबाई झोपेची गोळी घेतात. इंडोनेशियात अशा औषधांचे कायदे फार कडक आहेत. गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी. आमच्या गोळ्या डब्बीत सुट्या होत्या. नशिबाने कुणी डब्बी उघडली नाही.

आणि माकडं. उलुवातूच्या देवळात एकाने मुलाचा चष्मा ओढला आणि दंडावर नख लागलं, रक्त आलं. शेजारी कुणी म्हणालं, डेटॉल लावा, होतं असं. पण बालीत २००८ पासून रेबीज आहे. ओरखडा असला तरी साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि त्याच दिवशी लस. क्लिनिक शोधता शोधता मी त्या 'वैद्यकीय कव्हर'च्या नंबरला फोन लावला. तो नंबर अस्तित्वातच नव्हता. लसीचे आणि जखमेत द्यायच्या इंजेक्शनचे पैसे खिशातून गेले. प्रवासाचा खरा विमा आम्ही काढला नव्हता, कारण आम्हाला वाटलं, कव्हर आहे की! पुढचे डोस इथे महापालिकेच्या दवाखान्यात झाले. मुलगा ठणठणीत आहे.

परत आल्यावर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, बँकेत अर्ज दिला. बँक म्हणाली, व्हिसा तर मिळाला ना, मग सेवा मिळालीच. साइटच्या तळाशी, करड्यावर करड्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'आम्ही सरकारी संस्था नाही, खासगी साहाय्य सेवा देतो.' नवऱ्याचा चुकलेला नंबर आणि न चालणारे क्यूआर यांचे स्क्रीनशॉट ठेवले होते, म्हणून चार महिन्यांनी त्यातले ११,१०० परत आले. बाकीचे गेले.

लोणच्याचं परमिट मात्र सासूबाईंनी टाकू दिलं नाही. बरणीच्या झाकणाला चिकटवलंय आणि आल्यागेल्याला दाखवतात, "आमच्या कैरीला परदेशी सरकारची परवानगी आहे."