नव्या घराचा ताबा: आधी सही, मग पाहणी, आणि तिथेच फसवणूक

नव्या घराच्या व्यवहारात लोक फसतात ते बहुतेक शेवटच्या आठवड्यात. बुकिंगच्या वेळी माणूस चौकस असतो, दहा ठिकाणी विचारतो, करारनामा वकिलाला दाखवतो. ताब्याची तारीख जवळ येते तेव्हा मात्र भाड्याचं घर सोडायची नोटीस गेलेली असते, सामान बांधून झालेलं असतं, कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात. बिल्डरला हे सगळं माहीत असतं. मग फोन येतो: उद्या संध्याकाळी या, उरलेली रक्कम भरा, सह्या करा आणि किल्ल्या घेऊन जा.

त्या सह्यांच्या गठ्ठ्यात ताबा पावती नावाचं एक पान असतं. मजकूर साधारण असा: ‘घराची प्रत्यक्ष पाहणी केली, काम ठरल्याप्रमाणे व समाधानकारक आहे, कोणतीही तक्रार नाही.’ घरात पाऊल टाकण्याआधीच यावर सही घेतली जाते. कायद्याने मिळालेले हक्क त्या एका सहीने संपूर्ण बुडतात असं नाही, पण दोष आधीपासून होता हे सिद्ध करायची जबाबदारी खरेदीदाराच्या गळ्यात पडते. शेवटचा हप्ताही गेलेला असतो. ‘किरकोळ कामं आहेत, आठ दिवसांत माणूस पाठवतो’ असं सांगणारा साइट सुपरवायझर खोटंच बोलत असतो असं नव्हे. मिस्त्री आणि प्लंबर पुढच्या साइटवर गेलेले असतात आणि त्यांना परत बोलवायला त्याच्याकडे काही कारणच उरलेलं नसतं.

म्हणून क्रम उलटा करायचा: आधी पाहणी, मग दोषांची यादी, मग पैसे, सर्वांत शेवटी सही. पाहणी दिवसाउजेडी, वीज आणि पाणी दोन्ही चालू असताना. ‘मीटर अजून बसला नाही, नंतर बघू’ असं उत्तर आलं तर ताब्याची तारीख पुढे ढकला, कारण वीज-पाण्याशिवाय झालेली पाहणी अर्धीच असते.

सगळ्यात जास्त लपवाछपवी बाथरूममध्ये होते. फरशीखालचं वॉटरप्रूफिंग दिसत नाही आणि बिघडलं तर फरशी फोडल्याशिवाय दुरुस्त होत नाही. यासाठी फरशीच्या जाळीचं तोंड घट्ट बंद करा, दरवाज्यात आडोसा घाला आणि अडीच ते पाच सेंटिमीटर पाणी साठवा. पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि चोवीस तास तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्याचं छत आणि बाथरूमला लागून असलेल्या खोलीची भिंत बघा. पाणी सोडून दिल्यावर कोपऱ्यात कुठे डबकं राहतं तेही पाहा. राहत असेल तर उतार चुकलेला आहे आणि तो नंतर रसायनं ओतून सुधारत नाही.

बेसिन आणि सिंकची तपासणी बहुतेक जण नळ सोडून करतात. त्याने गळती नेहमी कळत नाही. बूच लावून भांडं काठोकाठ भरा, मग एकदम बूच काढा आणि खालच्या पाइपच्या प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा. सैल जोड अनेकदा पाइप पूर्ण भरून वाहतो तेव्हाच पाझरतो.

टाइल्सवर नाण्याने ठोकत जा. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर खाली सिमेंटचा मसाला नीट भरलेला नाही. अशा टाइल्स वजन पडल्यावर तडकतात किंवा सुटतात. मोजक्या टाइल्सच्या कोपऱ्यात पोकळी असणं वेगळं आणि अख्खी ओळ पोकळ वाजणं वेगळं.

भिंतीतल्या केसासारख्या बारीक भेगांना घाबरू नका, प्लास्टर वाळताना त्या पडतातच. भेगेत नाण्याची कड शिरते, भेग पायऱ्यांसारखी विटांच्या सांध्यातून जाते किंवा तिच्या दोन्ही कडा एका पातळीत नाहीत, असं असेल तर बिल्डरचा नव्हे, स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. आणि एकाच कोपऱ्यावर ताजा रंग दिसला तर तिथे ओलावा मोजायचं मीटर लावून शेजारच्या भिंतीशी आकडा ताडून पाहा. आदल्या आठवड्यात मारलेला रंग ओल लपवण्यासाठीच असतो असं नाही, पण मोजून बघायला दोन मिनिटं लागतात.

प्रत्येक सॉकेटमध्ये प्लग टेस्टर लावा. विजेच्या फेज आणि न्यूट्रल या दोन तारा उलट्या जोडल्या आहेत का आणि अर्थिंगची तार जोडलीच नाही का, हे त्यात कळतं. अर्थिंग किती चांगलं आहे ते मात्र त्यात कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रिशियनचं मीटर लागतं. वीज गळाली की प्रवाह तोडणाऱ्या ब्रेकरचं टेस्ट बटण दाबा, तो लगेच पडला पाहिजे. एक्झॉस्ट फॅन चालू करून कागद धरला की तो चिकटतो, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. त्याची नळी बाहेर निघते की फॉल्स सीलिंगच्या पोकळीतच सोडली आहे, ते डोळ्यांनी बघा. पोकळीत सोडलेली असेल तर सगळी वाफ तिथेच साठून बुरशी येते. स्वतंत्र घर असेल तर बाहेरची जमीन भिंतीपासून दूर उतरती हवी, पहिल्या तीन मीटरमध्ये सुमारे पंधरा सेंटिमीटर.

सापडलेला प्रत्येक दोष खोलीनिहाय लिहा, फोटो जोडा, दुरुस्तीची तारीख घाला आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. तोंडी आश्वासन धरूच नका. एखादं काम ताब्यानंतरच होणार असेल तर त्याच्या खर्चाच्या दीडपट रक्कम तिसऱ्या पक्षाकडे, म्हणजे वकील किंवा बँकेकडे, अडकवून ठेवायची लेखी अट घाला.

कागदांत तीन गोष्टी आधी मागा. स्थानिक प्राधिकरणाचा वापर परवाना (भोगवटा प्रमाणपत्र) हवा, आणि तो तात्पुरता आहे की अंतिम ते वाचा. बिल्डरने बांधकामासाठी कर्ज घेतलं असेल तर तुमचं घर त्या तारणातून मुक्त झाल्याचं कर्ज देणाऱ्या संस्थेचं पत्र हवं. तिसरं, शेवटच्या रकमेचा बाबवार हिशेब काही दिवस आधी. करारात नसलेलं एखादं शुल्क ऐन दिवशी पुढे करायची पद्धत जुनी आहे, आणि किल्ल्या समोर ठेवल्या की लोक ते भरतातही. सोबत करारातली सामानाची यादी घेऊन बसा. ‘किंवा तत्सम’ या दोन शब्दांच्या आडून हलके नळ आणि स्विच बसवले जातात, म्हणून कंपनी आणि मॉडेल दोन्ही ताडून बघा.

एका फसवणुकीत बिल्डरचा हात नसतो, पण नुकसान सगळ्यात मोठं होतं. शेवटचा हप्ता भरायच्या एक-दोन दिवस आधी ईमेल येतो: ‘आमचं बँक खातं बदललं आहे, रक्कम या नव्या खात्यात भरा.’ लेटरहेड बरोबर, रक्कम बरोबर, तारीखही बरोबर, कारण व्यवहारातल्या कुणाचा तरी मेलबॉक्स फोडून चोर आधीपासून पत्रव्यवहार वाचत बसलेला असतो. पत्त्यात एखादं अक्षर वेगळं असतं, कधी तेही नसतं. त्या ईमेलमधल्या नंबरवर फोन करू नका, उचलणारा चोरच असेल. मूळ करारनाम्यावरच्या नंबरवर बोला आणि खाते क्रमांक त्यांच्याकडून वाचून घ्या. आधी छोटी रक्कम पाठवा, पोचल्याचं त्याच नंबरवर विचारा, मगच बाकीची पाठवा. पैसे चुकीच्या खात्यात गेलेच तर त्याच तासाला बँकेला रक्कम थांबवायला सांगा आणि सायबर पोलिसांत तक्रार करा. चोर ते पैसे काही तासांत पुढच्या खात्यांत फिरवतो.

ताबा आधीच घेतलेला असेल आणि सहीही होऊन बसली असेल, तरी दोषांची लेखी यादी आजच पोचपावती घेऊन द्या. हमीची मुदत सहसा ताब्याच्या तारखेपासून मोजतात, आणि फिनिशिंगच्या कामांची हमी अनेक ठिकाणी फक्त वर्षभराची असते. अकराव्या महिन्यात संपूर्ण घर पुन्हा एकदा तपासून घ्या आणि मुदत संपायच्या आत दुसरी यादी द्या.