रुगर १०/२२ कार्बाइन : दुखणं काडतुसाचं, औषध बंदुकीला

पहिली सेमी-ऑटोमॅटिक कार्बाइन कोणती घ्यावी, असं विचारलं की जाणकारांची बोटं बहुधा या एकाच रायफलकडे वळतात. १९६४ पासून ती बनते आहे. नावातला १० म्हणजे मॅगझिनमधली काडतुसं आणि २२ म्हणजे पॉइंट बावीस लाँग रायफल हे काडतूस. साध्या लाकडी दस्त्याच्या मॉडेलची नळी साडेअठरा इंची, म्हणजे ४७ सेंटीमीटर. टोकापासून टोकापर्यंत लांबी ९४ सेंटीमीटर, वजन सव्वादोन किलोच्या आसपास. खांद्याला धक्का जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे नवशिक्याला चाप ओढताना डोळे मिटायची सवय लागत नाही. एवढ्या एका गुणासाठीही ती घ्यायला हरकत नाही. परवाना कोणाला मिळतो आणि मॅगझिनमध्ये किती काडतुसं चालतात, हे ज्या त्या देशाच्या कायद्यावर आहे. ते आधी पाहून घ्या.

तक्रारींचं म्हणाल, तर या बंदुकीबद्दलच्या बऱ्याचशा तक्रारी बंदुकीच्या नसतातच. पुंगळी अडकली की एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे ती बाहेर ओढणारी आकडी, बदला, गोळी इकडेतिकडे गेली की नळी बदला, असं चालू होतं. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. त्यामुळे यंत्रणा कशी चालते ते आधी समजून घ्यायला हवं.

चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. मागच्या दाबाने बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकणारा पोलादी ठोकळा, मागे ढकलला जातो, रिकामी पुंगळी उजवीकडे उडते, स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे आणते आणि येताना तो नवं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, सारतो. या रायफलीत बोल्टला कुलूप नाही. स्फोटाच्या क्षणी पुंगळीला जागेवर धरून ठेवतं ते फक्त बोल्टचं वजन आणि स्प्रिंग. या रचनेला ब्लोबॅक म्हणतात. रचना साधी, भाग थोडे, मोडण्यासारखं फारसं काही नाही. पण या साधेपणाचा एक तोटा आहे: काडतुसाची ताकद ठरावीक पट्ट्यातच असावी लागते. कमी पडली तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत चिमटून उभी राहते, धुराड्यासारखी. पॉइंट बावीस शॉर्ट तर यात चालतच नाही.

सीसीआय मिनी-मॅगसारखं ४० ग्रेनचं तेज काडतूस सेकंदाला १२३५ फूट, म्हणजे सुमारे ३७६ मीटर वेगाने गोळी सोडतं. याने बोल्ट दणक्यात चालतो. त्याच कंपनीचं स्टँडर्ड व्हेलॉसिटी १०७० फुटांचं, म्हणजे आवाजाच्या वेगाखालचं. निशाणावर ते अनेकदा जास्त एकसारखं पडतं, वाऱ्यातही कमी भरकटतं, कारण गोळीला वाटेत आवाजाचा वेग ओलांडून खाली यावं लागत नाही. नव्या, कोरड्या किंवा थंड बंदुकीत मात्र तेच मधेमधे अडखळू शकतं. तेज काडतूस चालतं आणि संथ अडखळतं, तर बंदुकीत बिघाड नाही. शेकडो गोळ्यांनंतर बोल्ट थोडा रुळतो आणि मग हे अडखळणं बरेचदा आपोआप कमी होतं.

दुसरी गोष्ट रिमफायरची. या काडतुसात ठिणगीची रासायनिक पूड पुंगळीच्या कडेत, रिमच्या आत भरलेली असते. ती पूड कडेभर सारखी पसरली नसेल आणि फायरिंग पिन नेमकी मोकळ्या जागी आपटली, तर 'टक्' आणि शांतता. मोठ्या खोक्यातल्या सुट्या, स्वस्त काडतुसांत हे जास्त होतं. असं झालं तर नळी निशाणाकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, कारण क्वचित बार उशिरा उडतो. मग काडतूस काढून कडेवरचा पिनचा ठसा पाहा. ठसा ठसठशीत असेल तर दोष काडतुसाचा. ठसा पुसट असेल तर बोल्टच्या तोंडावरची आणि फायरिंग पिनच्या खाचेतली घाण साफ करा, बोल्ट पूर्ण पुढे बसतोय का पाहा. बार नेहमीपेक्षा फुसका वाटला, तर मात्र पुढची गोळी अजिबात सोडू नका. गोळी नळीतच अडकली असण्याची शक्यता असते. बंदूक रिकामी करून नळीतून आरपार दिसतंय का ते तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. सेमी-ऑटोमध्ये हाच खरा धोका: बोट हातघाईवर आलेलं असतं, आणि फुसका बार कानावर येईपर्यंत पुढचा चाप ओढलेला असतो.

म्हणून नवी बंदूक आली की तिच्यावर आणखी काही चढवण्याआधी काडतुसांची परीक्षा घ्या. चार-पाच प्रकारची पन्नास-पन्नास काडतुसं आणा. दस्ता वाळूच्या पिशवीवर टेकवा, निशाण ५० मीटरवर लावा. प्रकार बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजायच्या नाहीत. प्रत्येक कंपनीचं मेण वेगळं, आणि नव्या मेणाचा लेप नळीत बसेपर्यंत गोळ्या इकडेतिकडे पडतात. त्यानंतर पाच-पाच गोळ्यांचे पाच गट. फक्त सगळ्यात सुंदर गट पाहून हुरळू नका, पाचांची सरासरी बघा. साध्या नळीची १०/२२ सुट्या काडतुसांनी या अंतरावर चार-पाच सेंटीमीटरचे गट देते, पटलेल्या काडतुसाने अडीच-तीनपर्यंत येते. कोणतं काडतूस पटेल हे तीच बंदूक सांगते. शेजाऱ्याच्या बंदुकीचा अनुभव इथे कामाचा नाही. ५० मीटरवर नेम जुळवला की १०० मीटरवर तेज काडतुसाची गोळीसुद्धा वीसेक सेंटीमीटर खाली पडते. त्यापुढच्या अंतरासाठी ही बंदूक घेऊ नये. मात्र गोळीचा 'टप्पा' संपला असं समजू नका. खोक्यांवर छापलेला इशारा दीड मैलांचा असतो. निशाणामागे मातीचा बांध हवाच.

मॅगझिनबद्दल मात्र मनापासून कौतुक. दहा काडतुसांचं मूळ मॅगझिन चक्राकार आहे. आत फिरणारी चकती असते, तिच्या खाचांत एकेक काडतूस बसतं, त्यामुळे एकाची कड दुसऱ्याच्या कडेत अडकत नाही. पॉइंट बावीसच्या सरळ मॅगझिनांचा हाच तर कायमचा रोग. शिवाय ते दस्त्यात सपाट बसतं, खाली काही लोंबत नाही, त्यामुळे हातात तोल छान राहतो. पंचवीस काडतुसांचं लांब मॅगझिन घ्यायचंच असेल, तर ज्याचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, पोलादी आहेत तेच घ्या. नुसत्या प्लास्टिकच्या ओठांची स्वस्त मॅगझिनं झिजली की काडतूस नाक वर किंवा खाली करून येतं, आणि दोष पुन्हा बंदुकीला लागतो. प्रत्येक मॅगझिनवर रंगाने आकडा टाका. अडथळे सगळे तीन नंबरवरच येत असतील, तर बंदूक उघडायची गरजच नाही. मॅगझिनात तेल घालू नका. तेलाला मेण, काजळी आणि दारूचे न जळलेले कण चिकटून चकती जड होते.

आता बंदुकीचे खरे दोष. शेवटची गोळी गेल्यावर बोल्ट मागे थांबत नाही. रिकाम्या चेंबरवर हॅमर, म्हणजे फायरिंग पिनवर आपटणारा घोडा, पडतो तेव्हा कळतं की संपलं. रिकामा चाप ओढल्याने या मॉडेलचं नुकसान होत नाही, पण 'संपलंच असेल' हा अंदाज धोक्याचा आहे. बोल्ट मागे ओढून डोळ्यांनी आणि करंगळीने चेंबर तपासणं सोडू नका. बोल्ट मागे अडकवायची कळ जुन्या धाटणीची असेल तर तीही त्रासाची आहे. अडकवताना दाबायची, सोडवतानाही दाबायची, आणि त्याच वेळी बोल्ट थोडा मागे ओढायचा. तीन हात असते तर सोपं गेलं असतं. बदलीची पट्टी मिळते, तिच्यामुळे नुसता बोल्ट मागे ओढून सोडला की काम होतं. या बंदुकीवरचा सगळ्यात सार्थकी लागणारा किरकोळ खर्च हाच.

चाप जड आहे. कारखान्यातून येणारा अडीच-पावणेतीन किलोच्या ताणाचा, जरा खरखरीत. सव्वादोन किलोच्या बंदुकीला तिच्याहून जड चाप, म्हणजे ओढता ओढता नेम हलणारच. रुगर कंपनीचाच बीएक्स ट्रिगर सव्वा किलोच्या आसपास सुटतो आणि आख्खा संच दोन पिनांवर बदलता येतो. फायलीने स्वतः घासत बसू नका. हॅमर आणि त्याला अडकवून ठेवणारा सिअर यांच्या टोकांवरचा कठीण थर गेला की चाप न ओढता बार होऊ शकतो.

उघडी साइट ठीकठाक: पुढे सोनेरी ठिपक्याची माशी, मागे दुमडणारी पट्टी. स्कोप लावला की दुसराच घोळ होतो. दस्त्याची उंची उघड्या साइटसाठी ठरवलेली आहे, त्यामुळे स्कोपमधून बघताना गाल हवेत राहतो आणि मान ताणली जाते. स्कोप शक्य तेवढा खाली बसवा, आणि गालाखाली पट्टा किंवा फोमची उशी बांधा. नळी दस्त्याला बांधणारं कडं हाही नेमाचा छुपा शत्रू आहे. लाकूड दमट हवेत फुगतं, कडं नळीला दाबतं, आणि नेम काल एकीकडे, आज दुसरीकडे. गट अचानक पसरले तर आधी हे कडं, मग दस्त्याचा मोठा स्क्रू, मग स्कोपचे स्क्रू, आणि शेवटी नळी धरून ठेवणाऱ्या इंग्रजी व्ही-आकाराच्या ठोकळ्याचे दोन स्क्रू, या क्रमाने पाहा. नवी नळी मागवण्याचा विचार त्यानंतर. मागवलीच आणि ती मॅच चेंबरची, म्हणजे स्पर्धेसाठीच्या घट्ट चेंबरची, निघाली, तर तिच्यात सीसीआय स्टिंगर वापरू नका. त्याची पुंगळी नेहमीपेक्षा लांब असते आणि घट्ट चेंबरमध्ये दाब वाढतो.

साफसफाईचा कंटाळा असेल तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही. ब्लोबॅक बंदूक काजळी स्वतःच्याच पोटात टाकते. दर चार-पाचशे गोळ्यांनी आतला भाग पुसावा लागतो. नळीला मात्र एवढी घाई नसते. मॅगझिन काढा, चेंबर तपासा. पुढचं कडं सैल करून सरकवा, दस्त्याचा स्क्रू काढा, सेफ्टीचं बटण बरोबर मध्यावर आणा आणि नळीकडून उचलून बंदूक दस्त्याबाहेर घ्या. खाली कापड पसरा, कारण दस्त्यातून सुटताच आडव्या पिना आपसूक गळतात आणि नेमक्या कपाटाखाली जातात. ट्रिगरचा संच काढा, बोल्टमागची जाड पिन काढा, बोल्ट ओढायची दांडी मागे ओढून बोल्ट उलटा उचला. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली आणि चेंबरच्या तोंडाशी मेण, शिसं, काजळी यांचा जो कडक थर बसतो तोच पुंगळ्या अडकवतो. तो ब्रशने काढा, कोरडं पुसा, बोल्टच्या पाठीवर तेलाचा एक थेंब, बस. जोडताना हॅमर मागे चढवलेला असायला हवा. नाहीतर काही केल्या ट्रिगरचा संच बसत नाही आणि माणूस हातोडी शोधू लागतो.

रिसीव्हर, म्हणजे बोल्टचं घर, मागून बंद असल्यामुळे बहुतेक मॉडेलांत साफसफाईचा गज नळीच्या तोंडातूनच घालावा लागतो. गज तोंडाच्या कडेला घासला की तीच कड झिजते आणि अचूकता जाते. दोरीचा ब्रश चेंबरकडून ओढणं जास्त सुरक्षित. काम झालं की हात साबणाने धुवा, शिशाशी गाठ आहे. आवाज लहान वाटतो म्हणून कान उघडे ठेवू नका.

बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीआधी हाताने बोल्ट ओढायची बंदूक, घ्यावी की ही, हा प्रश्न राहतोच. कागदावर लहानात लहान भोक हवं असेल, संथ काडतुसंच वापरायची असतील, किंवा अगदी लहान मुलाला पहिले धडे द्यायचे असतील, तर बोल्ट-अ‍ॅक्शन. प्रत्येक गोळीआधी हात हलवावा लागतो, त्यातून सबुरी येते. पडणारी लोखंडी निशाणं, घड्याळ लावून सराव, दिवसभर शे-दोनशे गोळ्या, यासाठी १०/२२. घराच्या रक्षणासाठी मात्र तिची शिफारस करणार नाही. ज्या काडतुसाचा बार कधीमधी फुकट जातो, त्यावर जिवाची भिस्त ठेवू नये. प्रवासात न्यायची असेल तर २०१२ मध्ये आलेलं टेकडाउन मॉडेल नळीपाशी दोन तुकडे होऊन पिशवीत मावतं. जोडल्यावर नेम थोडा हलतो का, हे दर वेळी दोन-चार गोळ्यांनी पाहावं लागतं. डावखुऱ्यांना दांडी उलट्या बाजूला आणि पुंगळ्या नाकासमोरून, याची सवय करून घ्यावी लागेल.

वापरलेली मिळत असेल तर बिचकू नका, फक्त उजेडात नीट बघा. नळीच्या तोंडाची कड बोटाने फिरवून गुळगुळीत आहे का. दस्त्याच्या स्क्रूची खाच पिळवटलेली आहे का, म्हणजे किती अनाडी हातांनी उघडली ते कळेल. रिकाम्या बंदुकीत चाप ओढून धरा, बोल्ट मागे-पुढे करा आणि चाप हळूच सोडा; 'टिक्' असा परतीचा आवाज यायला हवा. मग बोल्ट चढवून, सेफ्टी लावून चाप ओढा: हॅमर पडता कामा नये. शेवटी विकणाऱ्याची मॅगझिनं मागा, आणि तो चार देत असेल तर चारही तपासून घ्या.