शहापूरची खानावळ, पाडव्याचं ताट आणि तुपाचा कालवा

पाटीवर नुसतं 'खानावळ' लिहिलंय. वर कन्नडमध्ये ठळक, खाली मराठीत बारीक. नाव का नाही म्हणून एकदा विचारलं, तर अक्का म्हणाल्या, "नावानं पोट भरतंय काय हो?" तेव्हा पत्ता असाच सांगावा लागतो. बेळगावात कपिलेश्वरचा पूल उतरून शहापुरात शिरायचं आणि खडेबाजारात कुणालाही अक्काची खानावळ कुठं म्हणून विचारायचं. बोळात गाडी जात नाही. बाहेर लावली तर तिथला दुकानदार ओरडतो. चालत जा.

माझे वडगावात चार माग आहेत. दिवसभर धोट्याचा खडखडाट ऐकून संध्याकाळी कान बधिर झालेले असतात, म्हणून एक रविवार सोडून एक रविवार आम्ही माडीवर बसतो ते कान धुवायला. मास्तर पेटी घेऊन येतात, वहिनी गातात, अण्णा मांडीवर ठेका धरतात आणि चुकवतात. अण्णांची मार्केट यार्डात अडत आहे. घरची भाषा कन्नड, पण आमच्याशी भांडतात मराठीतच. माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे, ती मोबाइलवर जुनी रेकॉर्डिंगं शोधून देते. गाणं झालं की जेवायचं कुठं यावर अर्धा तास जातो आणि शेवटी सगळे इथंच येतात.

कारण काय? तर इथं गाणी लागत नाहीत. हल्ली कुठंही जेवायला बसा, डोक्यावर डबा लटकलेला आणि त्यातून धडधड चालू. आम्हाला जेवताना गाण्यावर बोलायचं असतं, आणि गाणं चालू असलं की गाण्यावर बोलता येत नाही. अक्काच्या खानावळीत आवाज एकच, आतून भाकरी थापल्याचा. माझा कान मागावर घडलेला, एक धागा तुटला तरी झोपेत कळतो. त्या कानानं सांगतो, आतली बाई एका भाकरीला जितके थाप मारते तितकेच दुसरीला मारते. भाकरी पातळ आणि कडेपर्यंत सारखी येते ती त्यामुळं.

रोजचं ताट ९० रुपये. दोन भाकऱ्या (गरम घ्या नाहीतर कडक घ्या, कडक घ्या), भरलं वांगं, मोड आलेली मटकी, शेंगाची चटणी, गुरेळाची म्हणजे कारळ्याची चटणी, दही, भात, आमटी. बाजूला कच्ची मेथी, कांदा आणि मुळ्याच्या फोडी. वांग्याला अण्णा एण्णगाई म्हणतात आणि त्यातलं तेल बघून खूश होतात. मला ते तेल जास्त वाटतं. ताट तिरकं केलं तर एका कडेला तेलाचं तळं साचतं. पण मसाला शेंगदाणा-तिळाचा, ताजा कुटलेला, आणि वांगी कोवळी, बियांची कचकच नाही. गुरेळाची चटणी मात्र दह्यात कालवल्याशिवाय खाऊ नका, नुसती कडवट लागते. आमटी पाणचट. ती अशीच असते, तिच्याबद्दल तक्रार करणं मी सोडून दिलंय.

आता पाडव्याचं ताट. दिवाळीत माग बंद, अडत बंद, मास्तरांना काय बारा महिने सुट्टीच. पाडव्याला दुपारी अक्का सणाचं ताट लावतात, १८० रुपये, आणि आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं. मी सांगितलं होतं. तरीही आमच्यापुढं अकरा माणसं बाकड्यावर बसलेली. सव्वा तास गेला. त्या सव्वा तासात कुणाला काय खायचंय याची चर्चा झाली, ती लिहितो, कारण त्यावरून तुम्हाला ही जागा चालेल की नाही ते कळेल.

वहिनींना मांडे हवे होते. बेळगावच्या लग्नात वाढतात तसे, पालथ्या कढईवर भाजून घडी घातलेले. इथं मांडे मिळत नाहीत, ते वहिनींनी मनातच खाल्ले. मास्तरांना साखरेचा त्रास आहे, त्यांना गोड नकोच, पण नको म्हणतानाही ते गोडाकडेच बघत होते. मुलीला गोबी मंच्युरी. "पाडव्याला?" म्हणून मी ओरडलो, तर म्हणाली, "सण तुमचा, भूक माझी." अण्णांना फक्त हुग्गी. खपली गहू कांडून, भिजवून, गुळात शिजवलेली, वर खोबरं आणि वेलची. आपल्याकडं तिला गव्हाची खीर म्हणतात, पण खीर म्हटलं की पातळ वाटतं. अक्काची हुग्गी पळी उभी राहील इतकी घट्ट असते.

ताट आलं आणि वहिनींनी मुळ्याची फोड उचलून धरली. "सावता माळ्याला यातच विठाबाई दिसली," म्हणाल्या. अण्णा म्हणाले, "मराठीत देवाला मुळा दिला, आमच्या कन्नड संत पुरंदरदासानं पायस दिलं. बघा कोण दिलदार." यावरून जुंपली. वहिनींचं म्हणणं, माळ्याच्या मळ्यात मुळाच असणार, त्यानं घरातला देव दाखवला. अण्णांचं म्हणणं, दासांच्या त्या पदात नुसतं पायसाचं नाव नाही, सगळी कृती आहे. गहू आणायचा, वैराग्याच्या जात्यावर दळायचा, सोजी काढायची, शेवया वळायच्या, हृदयाच्या मडक्यात आधण ठेवायचं. मास्तरांनी विचारलं, "म्हणजे दासांचं पायस तांदळाचं नाही?" "शेवयांचं," अण्णा म्हणाले, "हुग्गीच्या जवळचं." तेवढ्यावर त्यांनी दुसरी वाटी मागितली. गाण्यातल्या शब्दावरून कुणाला इतकी भूक लागलेली मी पहिल्यांदा बघितली.

मग विषय आला तो दिवाळीचाच, भाग्यदा लक्ष्मी बारम्मा. आमच्या भागात लक्ष्मीपूजनाला हे पद मराठी घरातही लागतं. पद पुरंदरदासांचं, पण आमच्या कानात ते भीमसेनजींच्या आवाजात बसलंय. १९८३ सालच्या शंकर नागांच्या कन्नड सिनेमातही त्यांनीच म्हटलंय. भीमसेनजी गदगकडचे, कुमार गंधर्व तर आपल्या सुळेभावीचे, गंगूबाई हनगलांनी १९२४च्या काँग्रेस अधिवेशनात लहानपणी इथं टिळकवाडीत गायलेलं. मास्तर ही यादी दर वेळी म्हणतात. आम्ही दर वेळी ऐकून घेतो.

त्या पदात शेवटी एक जागा आहे, साखर आणि तुपाची. आमचे वडील शुक्रवारी माग चालू असतानाच टेपरेकॉर्डर लावायचे. चार माग खडखडतायत आणि त्यातून भीमसेनजी. मला ऐकू यायचे ते शब्द अर्धेच, बाकीचे धोटा खाऊन टाकायचा. मी ऐकलेलं असं : सक्करे तुप्प कालवे हरीसी. म्हणजे काय, तर तूप-साखर कालवायची आणि हरीला द्यायची. अर्थ चोख लागत होता, म्हणून चाळीस वर्षं मला शंका आली नाही. आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला वाटीत तूप आणि साखर कालवून ठेवायची पद्धत मीच सुरू केली. आई विचारायची, हे कुठलं? मी सांगायचो, पदात आहे.

हे मी त्या दिवशी ताटावर पहिल्यांदा बोललो. अण्णा घास तोंडात तसाच ठेवून माझ्याकडं बघत राहिले. मग इतके हसले की ठसका लागला.

"मर्दा, कालुवे म्हणजे कालवा! पाट! पाण्याचा असतोय की. आणि हरिसि म्हणजे वाहवून. साखरेचा नि तुपाचा पाट वाहवून ये म्हणतोय तो लक्ष्मीला."

मास्तर म्हणाले, त्यांनाही तसंच वाटत होतं, कालवूनच. वहिनी म्हणाल्या, त्यांनी तर कधी विचारच केला नव्हता, सूर नीट लागला की पुरे. त्यावर मास्तर आणि वहिनींचं निराळं भांडण लागलं, शब्द न कळता गायचं का यावर. ते अजून मिटलेलं नाही. मी मात्र अण्णांशी हुज्जत घातली. तुपाचा पाट कसा वाहील? तूप थिजतं. साखर तर वाहतच नाही. कालवणंच बरोबर दिसतं.

अक्का पलीकडच्या ताटात भात वाढत होत्या. बहुतेक सगळं ऐकत होत्या. हातातली भाताची परात बाकावर ठेवली आणि आत गेल्या. मला वाटलं, आवाज कमी करा म्हणून सांगायला येतील. त्या आल्या ते हुग्गीचं पातेलं आणि तुपाचं भांडं घेऊन. माझ्या ताटात हुग्गीचा एक मोठा गोळा ठेवला. पळीच्या पाठीनं त्याला मधोमध दाबलं, मग वरपासून खालपर्यंत ओढून एक चर पाडला, थेट ताटाच्या कडेपर्यंत. कडेला चिमूटभर पिठीसाखर टाकली. आणि वरच्या खळग्यात तूप सोडलं. हुग्गी गरम, तूप गरम. ते खळग्यात क्षणभर थांबलं, मग चरातून हळूहळू खाली निघालं, पिवळं, दाणेदार, कडेच्या साखरेपर्यंत पोचलं आणि साखर विरघळायला लागली.

"हे कालुवे," अक्का म्हणाल्या. "आता कालवा तुम्ही."

मग प्रत्येकाच्या ताटात तसा चर पाडला. मास्तरांच्याही. मास्तर नको म्हणाले नाहीत.

हुग्गी मी आयुष्यात खूप खाल्ली, पण चर पाडून कधी नाही. फरक पडतो. कालवली की प्रत्येक घास सारखा लागतो. चर पाडला की एक घास कोरडा गव्हाचा, गुळाचा, आणि दुसरा तुपानं थबथबलेला. खपलीचा दाणा दाताखाली फुटतो तेव्हा तूप बाहेर असतं, आत गेलेलं नसतं. मुलीनं गोबी मंच्युरीचं नाव परत काढलं नाही. ताकही त्या दिवशी नेहमीपेक्षा बरं होतं, वर लोण्याचे बारीक कण तरंगत होते. अण्णांनी ते बोटानं दाखवलं. त्याच पदात ताकातल्या लोण्याची उपमा आहे म्हणे. अर्थ ऐकून मी मान डोलावली. ती ओळ लहानपणी मला ऐकूच आली नव्हती.

इतकं चांगलं चाललं होतं आणि दोनच्या सुमाराला अक्कांच्या नातवानं कोपऱ्यात एक निळे दिवे लुकलुकणारा स्पीकर आणून ठेवला. सणाचं काहीतरी लावायचं म्हणून त्यानं जे लावलं, ते हेच पद, पण ढोल आणि धडधड घालून. शब्द ऐकूच येईनात. माझ्या मागाच्या खोलीत बसल्यासारखं वाटलं. अण्णा उठून म्हणाले, "बंद कर रे बाळा, आत्ताच अर्थ कळलाय याला." पोरगं गोंधळलं, पण बंद केलं. अक्कांना माझं इतकंच सांगणं आहे : पुढच्या सणाला तो स्पीकर आतच राहू द्या. त्याच्यासाठी येणारं गिऱ्हाईक दुसरीकडंही जाईल. आम्हाला दुसरीकडं जागा नाही.

आणखी दोन गोष्टी. सणाच्या दिवशी दीडनंतर जाऊ नका, हुग्गी संपते. आमच्या मागून आलेल्या कुटुंबाला बाहेरून आणलेला कुंदा वाढला, वेगळे ३० रुपये लावून. तो मी चाखला. साखर दाताखाली कचकचत होती, दूध आटवायला वेळ दिलेला नव्हता. बेळगावात बसून असला कुंदा वाढायचा नाही. संपलं तर संपलं म्हणावं. दुसरं, हात धुवायची जागा इतकी अरुंद आहे की एक माणूस धुताना दुसऱ्यानं जिन्यावर थांबायचं, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर तुमचं डोकं आपटणार. माझं दर वेळी आपटतं.

पैसे रोख द्या. मोबाइलवर घेतात, पण तो मोबाइल नातवाचा असतो आणि नातू नेमका नसतो.

निघताना बिल आलं, वहीच्या कागदावर कन्नडमध्ये. पाच ताटं, नऊशे. अण्णांची जादा हुग्गी, चाळीस. खाली आणखी एक ओळ होती, ती मला वाचता येईना. अण्णांनी वाचली : "तुप्प, पाच, पन्नास रुपये."

"चर पाडला त्याचे?" मी म्हटलं.

मास्तरांनी पाकीट काढलं. "कालव्याचं पाणी घेतलंस," म्हणाले, "पाणीपट्टी भरायला नको?"