संगणकाला जोडलेल्या कॅमेऱ्याचा वीजपुरवठा : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या सोलापूर जिल्ह्यातील गावच्या वाचनालयात जुन्या मासिकांचे बांधीव खंड आहेत आणि त्यांची पाने छायाचित्रांच्या रूपात संगणकावर उतरवण्याचे काम मी गेल्या सप्टेंबरपासून करीत आहे. स्कॅनरवर खंड पालथा दाबला की शिवण उसवते, म्हणून कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून बसवला आहे. कॅमेरा सोनी ए६४००, म्हणजे २०१९ सालचे मॉडेल. तो यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडलेला असतो, शटर लॅपटॉपवरूनच दाबले जाते आणि चित्र थेट तिथे उतरते. पुढील अनुभव कॅमेऱ्याच्या चित्राविषयी नसून त्याच केबलमधून त्याला मिळणाऱ्या विजेविषयी आहे.

या कॅमेऱ्याची एनपी-एफडब्ल्यू५० ही बॅटरी ७.२ व्होल्टची आणि १०२० एमएएच क्षमतेची, म्हणजे साधारण ७.३ वॉट-तासांची आहे. एका चार्जमध्ये सुमारे ४१० छायाचित्रे निघतात, असे कंपनीचे प्रमाणित चाचणीवर आधारलेले आकडे सांगतात. परंतु संगणकावर सतत थेट चित्र दिसत असताना हा हिशेब उपयोगाचा नाही, कारण वीज शटरपेक्षा सेन्सर अखंड चालू ठेवण्यात जाते. केबलमधून वीज न घेता माझी बॅटरी जेमतेम अडीच तास पुरत असे. बॅटरी बदलणे एरवी अर्ध्या मिनिटाचे काम आहे. इथे मात्र बॅटरीचे झाकण स्टँडच्या प्लेटखाली झाकले जाते. प्लेट सैल केली की कॅमेरा केसभर हलतो आणि पाणसळ ठेवून, चौकट जुळवून, फोकस लावून पुन्हा सुरुवात करेपर्यंत पंधरा मिनिटे जातात. त्यातूनही बदलापूर्वीची आणि नंतरची पाने शेजारी ठेवली तर किंचित तिरकी दिसतातच.

मेनूमध्ये ‘यूएसबी पॉवर सप्लाय’ नावाचा पर्याय आहे आणि तो चालू ठेवला की बॅटरीच्या चिन्हाशेजारी प्लगचे चिन्ह येते. ते चिन्ह पाहून बॅटरी चार्ज होत आहे, अशी माझी पहिले दोन आठवडे समजूत होती. प्रत्यक्षात कॅमेरा चालू असताना केबलमधून आलेली वीज कॅमेरा चालवण्यात खर्च होते. बॅटरी चार्ज होते ती फक्त कॅमेरा बंद केल्यावर. शिवाय वीज केबलमधून येत असली तरी आत चार्ज असलेली बॅटरी लागतेच, कारण कमी पडणारी भर तीच घालते.

आणि वीज कमी पडते. या कॅमेऱ्याची जोडणी यूएसबी २.० ची आहे आणि त्या प्रमाणकानुसार संगणकाचा साधा पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट देतो. लॅपटॉपच्या निळ्या, यूएसबी ३.० पोर्टला केबल लावली तरी फरक पडत नाही. तिथले ९०० मिलिअँपिअर यूएसबी ३.० च्या गतीने बोलणाऱ्या उपकरणांसाठी असतात. डेटा चालू असतानाही दीड अँपिअरपर्यंत वीज देणारे चार्जिंग पोर्ट काही संगणकांना असतात, माझ्या लॅपटॉपला नाहीत. मध्ये लहानसा यूएसबी मीटर लावून पाहिले तेव्हा आकडा ०.४७ अँपिअरच्या आसपास स्थिर होता. परिणामी सकाळी दहाला पूर्ण भरलेली बॅटरी दुपारी एकला ६०–६५ टक्क्यांवर येते. जेवणाच्या सुट्टीत कॅमेरा बंद करून केबल तशीच ठेवली तर तासाभरात ती ९० च्या जवळ जाते आणि संध्याकाळी पाचला निम्म्याहून अधिक उरते. एका बॅटरीवर, प्लेट न हलवता, पूर्ण दिवस निघतो. मला एवढेच हवे होते. मात्र सुट्टीत लॅपटॉपचे झाकण मिटायचे नाही. आरंभी मी सवयीने ते मिटत असे. लॅपटॉप झोपी गेला की माझ्या यंत्रावर पोर्टची वीजही बंद होते आणि जेवून आल्यावर बॅटरी जिथल्या तिथे असे.

सर्वांत जास्त डोकेदुखी केबलने दिली. सोबत आलेली केबल स्टँडच्या उंचीला अपुरी पडली म्हणून मी बाजारातून तीन मीटरची स्वस्त केबल आणली. दर वीस-पंचवीस पानांनी जोडणी तुटू लागली. मी आधी संगणकाला दोष दिला आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्यासाठी यूएसबी बंद करण्याची परवानगी काढून घेतली; त्याने थोडा फरक पडला, पण तुटणे थांबले नाही. मग केबलवरची बारीक छपाई वाचली : ‘२८ एडब्ल्यूजी’. हा आकडा तारेची जाडी सांगतो आणि तो जितका मोठा तितकी तार बारीक. २८ क्रमांकाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. तीन मीटर जाऊन तीन मीटर परत, म्हणजे सहा मीटरचे सव्वा ओहम, आणि अर्ध्या अँपिअरला ०.६ व्होल्टची घट. मीटर कॅमेऱ्याच्या बाजूला लावला तेव्हा ४.४ व्होल्ट दिसले. विजेच्या तारा २४ क्रमांकाच्या असलेली दीड मीटरची केबल आणून लॅपटॉपच स्टँडजवळ सरकवल्यापासून जोडणी तुटलेली नाही. केबलचे वरचे टोक मी वेल्क्रोच्या पट्टीने स्टँडच्या दांडीला बांधतो, म्हणजे ओढ पोर्टवर न येता पट्टीवर येते. निव्वळ चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. ती लावली तर संगणकाला कॅमेरा दिसतच नाही.

डमी बॅटरीचा, म्हणजे बॅटरीच्या आकाराचा ठोकळा आत घालून अडॅप्टरने थेट वीज देण्याचा पर्यायही मी महिनाभर वापरला. ज्या कॅमेऱ्यांची बॅटरी यूएसबीने भरतच नाही, उदाहरणार्थ कॅनन १५००डी, त्यांना दिवसभर चालवायचे तर हाच मार्ग आहे. परंतु आमच्याकडे वीज न सांगता जाते. ती गेली की डमी बॅटरीवरचा कॅमेरा त्याच क्षणी मरतो. अशाच एका दुपारी तीन पाने राहून गेली आणि खंड कपाटात परत गेल्यावर ते लक्षात आले. यूएसबीच्या व्यवस्थेत लॅपटॉपची आणि कॅमेऱ्याची अशा दोन बॅटऱ्या मध्ये उभ्या असल्याने फक्त पंखा थांबतो आणि दिवे म्हणून लावलेले एलईडी विझतात. पान तसेच राहते, वीज आली की पुढे जाता येते.

एप्रिल–मेमध्ये मात्र जेवणाच्या सुट्टीतील चार्जिंग अडले. कॅमेऱ्याचा नारिंगी दिवा स्थिर राहण्याऐवजी लुकलुकू लागला. हा बिघाड नव्हे. तापमान योग्य मर्यादेबाहेर असले की कॅमेरा चार्जिंग रोखतो आणि चार्जिंगसाठी १० ते ३० अंश सेल्सिअस तापमानाची शिफारस आहे. आमच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी एकला तीस अंश हे स्वप्नच. त्या दोन महिन्यांत सुट्टी अकराला घेतली आणि काम सकाळी साडेसातला सुरू केले.

नवा कॅमेरा घेणाऱ्यांनी टाइप-सी आणि पॉवर डिलिव्हरी, म्हणजे यूएसबी केबलमधून अधिक वीज घेण्याची सोय, पाहूनच घ्यावा. याच घराण्यातील २०२३ च्या ए६७०० मध्ये ती सोय आहे, शिवाय त्याची एनपी-एफझेड१०० बॅटरी २२८० एमएएचची, म्हणजे दुपटीहून मोठी आहे. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्याने विकल्या जाणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांना टाइप-सी सक्तीचे झाल्याने हा प्रश्न पुढे सुटत जाईल. तोवर माझ्याकडचे अकरा खंड याच केबलवर व्हायचे आहेत आणि दुसरी बॅटरी, जिच्यासाठी मी आरंभी घाईने पैसे घातले, ती निम्मी भरून खणात पडून आहे.